अप आणि डाउन

रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ती 'अप' आणि मुंबईपासून दूर जाणारी ती 'डाउन'. आम्हां इगतपुरीकरांना बालपणी या शब्दांचा मोठा गोंधळ वाटत असे. कारण 'अप' गाडी आमच्या गावाहून सुटली की थळ घाट उतरत कसाऱ्याला जाते, आणि 'डाउन' गाडी तोच घाट धापा टाकीत चढून वर येते. चढणारी ती डाउन आणि उतरणारी ती अप, हा कुठला न्याय, असे आम्ही एकदा वडिलांना विचारले होते. वडील बँकर इंजिनाचे ड्रायव्हर होते. ते हसून म्हणाले, "नावं मुंबईच्या साहेबानं ठेवलीत. घाटाला कुणी विचारलं नाही." या उत्तराचा अर्थ उमजावयास आम्हांला वयाची पन्नाशी गाठावी लागली.

ज्या वाचकांनी हा घाट रेल्वेने ओलांडला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. 1 जानेवारी 1865 रोजी हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. सुमारे नऊ मैलांच्या अंतरात तो 972 फूट चढतो. चढण 37 फुटांस 1 फूट इतकी खडी. ज्या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली बोरघाट आणि थळ घाट हे दोन्ही मार्ग आखले गेले, ते जेम्स बर्कली 1862 मध्येच वारले. घाटातून धावणारी गाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ज्या मजुरांनी डोंगर फोडला त्यांची तर नावेही कोठे लिहिलेली नाहीत. आपण ज्या वाटेने सुखाने जातो ती वाट पुरी झालेली न पाहताच कोणीतरी निघून गेलेले असते, याचे स्मरण आम्हांला त्या बोगद्यांतून जाताना हटकून होते.

चढणीवर एकटे इंजिन गाडी ओढू शकत नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात. पुढचे ओढते, मागची ढकलतात, आणि इगतपुरीला पोहोचताच मागची इंजिने सोडवली जातात. पुढच्या ड्रायव्हरला मागचा ड्रायव्हर दिसत नाही; दोघे शिटीच्या खुणांनी एकमेकांशी बोलत. आमच्या लहानपणी या कामावर जी जुनी तपकिरी विजेची इंजिने असत, त्यांना रेल्वेतले लोक 'खेकडा' म्हणत. त्यांपैकी एक आज मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले आहे. आमच्या कन्येला ते दाखवावयास नेले तेव्हा वडीलही सोबत होते. त्यांनी इंजिनाच्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

वडिलांच्या कामाला घड्याळ नव्हते. रात्री दोन वाजता कॉलबॉय दाराची कडी वाजवी, वहीवर सही घेई, आणि वडील डबा व कंदील घेऊन पावसात निघून जात. कित्येक नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला आम्ही आईसोबत गेलो आणि वडील कसाऱ्याच्या फलाटावर होते. तरीही, आश्चर्य असे की वडील घरात नाहीत असे आम्हां भावंडांना कधी वाटले नाही. ड्यूटीवरून आल्यावर ते ओला कोट दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवीत, हातपाय धूत, क्रुसाची खूण करीत आणि मगच उंबरठा ओलांडीत. "इंजिन बाहेर ठेवून आलो," असे म्हणत. तसेच घरातून निघताना आईशी कुरबुर झालेली असेल तर ती मिटवल्याशिवाय पाऊल बाहेर टाकीत नसत. भांडण डोक्यात घेऊन घाटात जाणे त्यांना धोक्याचे वाटे.

एकदा आम्ही त्यांना म्हणालो, "चढ फार अवघड असेल ना?" ते म्हणाले, "चढाची भीती नाही. चढावर गाडी फार तर थांबेल. भीती उताराची." उतारावर गाडीला ओढावे लागत नाही, ती आपण होऊन धावते, आणि म्हणूनच तिचा भरवसा नसतो. घाटमार्गांवर यासाठी एक व्यवस्था असते. मुख्य रुळांतून फुटून चढावर जाणारा एक आडरूळ ठेवलेला असतो. त्यास कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी त्या आडरुळाकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने तेथे येऊन प्रथम पूर्ण थांबावयाचे. ती थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत असे ठरते, आणि मग सांधा फिरून तिला पुढची वाट मिळते. जी थांबू शकत नाही ती आडरुळावर चढून आपोआप थोपवली जाते. थांबून दाखविल्याखेरीज पुढे जाण्याची परवानगी नाही, असा हा नियम आहे.

हे सर्व ऐकून, पाहून मोठे झालेल्या आम्ही त्यापासून काय घेतले? प्रामाणिकपणे सांगावयाचे तर फारसे काही नाही.

1995 साली मुंबईच्या एका खाजगी आस्थापनेत आम्हांला हिशेबनिसाची नोकरी लागली. बिऱ्हाड इगतपुरीतच ठेवले. सकाळी पंचवटी एक्सप्रेसने निघावयाचे आणि रात्री तिनेच परतावयाचे, असा क्रम सुरू झाला. एका बाजूचे अंतर सुमारे 137 किलोमीटर. पासधारकांची ती एक स्वतंत्र दुनियाच होती. गाडीत वाढदिवस होत, भजने होत, आमच्यासारखे दोघेतिघे खिडकीशी बसून मनातल्या मनात जपमाळ करीत. प्रथम प्रथम हे जमले. पुढे बढती मिळाली, पगार वाढला, हाताखाली माणसे आली. मग शनिवार गेला. मग मार्च महिन्यातले रविवार गेले. पुढे कोणत्याही महिन्यातले जाऊ लागले. काम मागे लागले होते असे आम्ही सर्वांना सांगत असू. खरे पाहता आम्हीच कामामागे लागलो होतो, कारण तेथे आमच्या शब्दाला किंमत होती आणि घरात आमचे ताट झाकून ठेवलेले असे. आम्ही उतारावर होतो. वेग येत होता, त्यालाच आम्ही प्रगती म्हणत होतो. रेल्वेच्या वेळापत्रकातही त्या गाडीचे नाव 'अप'च होते.

2003 साली चौथीत असलेल्या आमच्या कन्येने शाळेत 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहिला. सौ.ने ती वही आमच्या ताटाशेजारी ठेवली होती. कन्येने लिहिले होते की माझे बाबा मुंबईला राहतात आणि रोज रात्री आमच्या घरी झोपायला येतात. आम्ही हसलो. सौ. हसल्या नाहीत. तो आडरुळाचा सांधा होता. तेथे थांबावयास हवे होते. आम्ही थांबलो नाही. पुढल्या वर्षी वडील गेले. त्यांच्या अखेरच्या आजारात आम्ही रोज रात्री त्यांच्या खाटेशी बसत असू, परंतु ते झोपलेले असत. त्यांच्याशी आमचे शेवटचे बोलणे कोणते झाले ते आज आठवू म्हटले तरी आठवत नाही. ही बोच अद्याप गेलेली नाही, आणि ती जावी असेही वाटत नाही.

2011 च्या जुलै महिन्यात आस्थापनेने आमचा विभागच बंद केला. कोणावर दोषारोप करण्यासाठी हे लिहीत नाही. धंद्यात असे घडते. एका दुपारी आम्हांला बोलावून चार सभ्य वाक्ये सांगण्यात आली, आणि त्या संध्याकाळी आम्ही टेबलाच्या खणातील डबी, चष्मा आणि पवित्र कुटुंबाचे लहानसे चित्र घेऊन गाडीत बसलो. वय 49. कन्या बारावीस प्रवेश केलेली. घराचे कर्ज अर्धे फिटलेले.

घरी काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघालो. मुंबईपर्यंत जाण्याचे धैर्य नव्हते आणि कारणही नव्हते. म्हणून कसाऱ्याला उतरलो. फलाटाच्या टोकाला एका बाकावर बसून राहिलो. पाऊस पडत होता. एकामागून एक गाड्या येत, मागे बँकर लागत, शिटी होई, आणि गाडी डोंगराकडे निघून जाई. दुपारी डबा खाल्ला. संध्याकाळच्या गाडीने नेहमीच्या वेळी घरी परतलो, आणि काम फार होते असे सांगितले. असे आम्ही अकरा दिवस केले. त्या अकरा दिवसांत प्रार्थनाही केली नाही. परमेश्वरासमोरही आम्ही जणू कामावर गेल्याचे सोंग करीत होतो.

बाराव्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ बाकाजवळ येऊन उभे राहिले. पूर्वी ते रेल्वेत सांधेवाले होते. काही वेळ न्याहाळून म्हणाले, "तुम्ही आमच्या डायवर सायबांचे चिरंजीव ना? चार-पाच दिवस बघतोय, इथंच बसलेले असता." आम्ही काहीतरी पुटपुटलो. ते शेजारी बसले. आमच्या वडिलांच्या दोन-चार आठवणी त्यांनी सांगितल्या आणि उठताना समोरच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढी मोठी गाडी, पण मागनं धक्का घ्यायला लाजत नाही बघा." ते निघून गेले. आम्हांला ठाऊक नाही की त्यांना काय कळले होते. कदाचित ते केवळ गाडीविषयीच बोलले असतील.

त्या दिवशी आम्ही दुपारीच घरी आलो. सौ. तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्ही उंबरठ्यातच उभे राहून सर्व सांगून टाकले. त्यांनी सूप बाजूस ठेवले आणि म्हणाल्या, "पास संपला त्या दिवशीच कळलं होतं. नवा काढला नाहीत. मग सदऱ्याच्या खिशात कसाऱ्याची तिकिटं येऊ लागली." आम्ही विचारले, "मग बोलली का नाहीस?" त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः थांबायला हवं होतं. मी थांबवलं असतं तर तुम्ही दुसरीकडे जाऊन बसला असता. आधी जेवून घ्या." डबा आम्ही खाल्लेला होता. तरीही जेवलो.

पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्ट्याची कथा आपण सर्वजण जाणतो. पराक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तो भयाने रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. परमेश्वराने त्याची कानउघाडणी केली नाही, उपदेशही केला नाही. त्याला झोपू दिले, दूतामार्फत भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. पर्वतावरचे दर्शन आणि नवी कामगिरी हे सर्व त्यानंतर. ही कथा आम्ही शेकडो वेळा ऐकली होती. तिच्यातील भाकरीचा क्रम आमच्या ध्यानात आला तो त्या दुपारी.

पुढील काही आठवडे वाईट गेले. एके दिवशी घर विकून मुंबईच्या दिशेला कोठेतरी जाऊन राहावे असे वाटे, दुसऱ्या दिवशी आखातात जावे असे, तिसऱ्या दिवशी काहीच करू नये असे. पापनिवेदनाच्या वेळी आम्ही धर्मगुरूंजवळ हे बोललो. त्यांनी संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम सांगितला: अंतःकरण काळोखात असताना नवा निर्णय घेऊ नये, उजेड असताना जे ठरविले होते त्यालाच धरून राहावे, आणि त्या दिवसांत प्रार्थना थोडी अधिक करावी. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने ज्यांचा पाय मोडला आणि ज्यांचे सैनिकी जीवन एका दिवसात संपले, त्या माणसाचा हा नियम आहे; तो अंथरुणावर पडून राहण्याच्या अनुभवातून आलेला आहे. त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट त्यांच्या सहवासातील लोकांनी नोंदविलेली आहे. आपला येशूसंघ उद्या विसर्जित झाला तर मन शांत करावयास पाव तास प्रार्थना पुरेल, असे ते म्हणत. संघ खरोखरच 1773 मध्ये विसर्जित करण्यात आला आणि 1814 मध्ये पुन्हा उभा राहिला. पाव तास ही आम्हां सामान्यांची मजल नव्हे. आम्हांला वर्ष लागले. परंतु ज्या कामासाठी आयुष्य वेचले, ते काम म्हणजे आपण नव्हे, हा भेद मनात एकदा स्पष्ट झाला की मार्ग दिसू लागतो.

आम्ही घर विकले नाही. गावातल्या एका किराणा दुकानदाराची वही लिहून देण्यापासून प्रारंभ केला. मग एक औषधविक्रेते, मग महामार्गावरचे एक उपाहारगृह. उत्पन्न पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले. सौ.नी शिवणयंत्र पुन्हा उघडले. कन्येच्या शिक्षणासाठी तिच्या मामाने हातभार लावला, आणि आम्ही तो न लाजता घेतला. सांधेवाल्यांचे शब्द कानांत होते. 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला, लहान दुकानदारांना विवरणपत्रे भरून देणाऱ्यांची गरज भासू लागली, आणि आमचे काम एकाएकी वाढले. तेव्हा पुन्हा उताराची भीती वाटली. दर महिन्याच्या 20 तारखेपूर्वी धावपळ होई. एका रविवारी मिस्सेहून येताच आम्ही वह्या उघडून बसलो, तर सौ.नी स्वयंपाकघरातून विचारले, "आज अप की डाउन?" वह्या मिटल्या. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या घरातील कॅच सायडिंग आहे.

आमच्या गावाच्या डोंगरपायथ्याशी धम्मगिरी आहे. 1976 पासून तेथे विपश्यनेची शिबिरे चालतात, आणि देशोदेशीची माणसे दहा दिवस मौन पाळावयास येतात. आमचा साधनामार्ग निराळा असला तरी शेजारधर्म म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. ते केंद्र उभारणारे सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातील यशस्वी उद्योजक होते. असह्य डोकेदुखीने त्रस्त होऊन ते 1955 मध्ये गुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले. पुढे तेथील लष्करी राजवटीने उद्योगांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यात त्यांचे उद्योगही गेले, आणि 1969 मध्ये ते भारतात आले. उद्योग टिकला असता तर आमच्या डोंगरावर तो पॅगोडा कदाचित उभा राहिला नसता. स्टेशनवर उतरणाऱ्या त्या शिबिरार्थींची थकलेली तोंडे पाहिली की आम्हांला आमच्या पंचवटीच्या डब्यातील सोबती आठवतात. थांबण्यासाठी एवढ्या लांब यावे लागते, इतका माणूस वेगात अडकतो.

जे शिकलो त्याची परीक्षा 2021 च्या एप्रिलमध्ये झाली. सौ.ना करोनाने गाठले. नाशिकच्या एका रुग्णालयात त्या सोळा दिवस प्राणवायूवर होत्या. आत कोणाला सोडीत नसत. आम्ही बाहेरच्या कठड्यावर बसून असू. यावेळी आम्ही काही लपविले नाही. ज्यांची वही लिहीत होतो त्या प्रत्येकाला फोन करून सांगितले. ज्या उपाहारगृहाच्या मालकाचा धंदा टाळेबंदीने बुडत चालला होता, तो रोज कोणाच्या तरी हाती डबा पाठवी. औषधविक्रेत्याने मध्यरात्री औषधासाठी दहा ठिकाणी विचारपूस केली. धर्मग्रामातील माणसे ठराविक वेळी आपापल्या घरी जपमाळ करीत. यांतले कोणीही आमच्या दृष्टीसमोर नव्हते, परंतु मागून लागलेला जोर प्रत्येक दिवशी जाणवत होता. कठड्यावर बसून दिवसातून दोन तास आम्ही हिशेबही लिहिले. प्रथम त्याची लाज वाटली. मग लक्षात आले की ते दोन तास आम्हांला उरलेल्या बावीस तासांसाठी उभे ठेवीत होते. सौ. घरी आल्या. त्यांना आता चढ चढवत नाही, देवळापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते. आम्हीही थांबतो.

समतोल म्हटले की आपल्यापुढे तराजूचे चित्र उभे राहते: एका पारड्यात घर, दुसऱ्यात काम, आणि काटा मध्ये. आमच्या अनुभवाला ते चित्र पुरत नाही. जीवन एका जागी टांगलेले नसते, ते चालत असते. कधी त्याला मागून ढकलणारे लागतात, कधी त्याच्या चाकांना आवर लागतो. चढावर असताना मदत मागावी आणि उतारावर असताना थांबून दाखवावे, एवढे दोन धडे पुष्कळ झाले. माणसे बहुधा उलटे करतात; आम्हीही केले.

काळ बदलला आहे. 2023 पासून धावणारी शिर्डीची वंदे भारत गाडी बँकरशिवाय घाट चढते. 2025 च्या जूनपासून समृद्धी महामार्गावरील मोटारी डोंगराच्या पोटातून काही मिनिटांत पार होतात. ज्यांना बँकर लागत नाही त्यांचे आम्ही कौतुक करतो. पण इतर बहुतेक गाड्या अजूनही कसाऱ्याला थांबतात आणि मागून धक्का घेऊनच वर येतात. रात्री घाटातून शिटी ऐकू आली की सौ. विचारतात, "अप की डाउन?" इतक्या वर्षांनी आम्हांला आवाजावरून ओळखता येते. "डाउन," आम्ही म्हणतो, "वर येतेय." मग दिवा मालवून आम्ही उभयता क्रुसाची खूण करतो, त्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी आणि मागच्या ड्रायव्हरांसाठी एक 'नमो मरिया' म्हणतो, आणि झोपी जातो.